चिठ्ठीवरची खिडकी

आमच्या फुफीने आयुष्यभरात जेवढी औषधं प्यायली तेवढी नंदुरबारातल्या कुठल्याही रोग्याने प्यायली नसतील, आणि स्वतः ती एक दिवसही आजारी पडली नाही. फुफी म्हणजे अब्बांची थोरली बहीण. लवकर विधवा होऊन माहेरी आली ती घराची मुखत्यारच होऊन बसली. अब्बा डिंक, चारोळी आणि मोहाच्या फुलांचा व्यापार करायचे. धडगावकडच्या डोंगरातून बैलांवर माल उतरायचा आणि आमच्या ओसरीला वर्षभर डिंकाचा चिकट वास असायचा. बाजारात अब्बांच्या शब्दाला वजन होतं. घरात आल्यावर मात्र ते जोडे काढत त्याच जागी ते वजनही उतरवून ठेवत, कारण पुढे फुफी बसलेली असे.

आमच्या घराच्या पुढच्या अंगाला रस्त्याकडे तोंड करून सात खोल्यांची एक रांग होती. सपाट धाब्याच्या छताची, मातीच्या जाड भिंतींची. दादांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, ती भाडेकरूंसाठी बांधलेली. त्या रांगेची पाठ हीच आमच्या अंगणाची एक बाजू, आणि अंगणात घरातल्या बायका डोक्यावरचा पदर सैल सोडून वावरायच्या, म्हणून दादांनी सातही खोल्यांच्या मागच्या भिंती ठार आंधळ्या ठेवल्या होत्या. एक झरोकासुद्धा नाही. भाडेकरूंची हवा, उजेड, पाहुणे आणि मांजरं सगळी पुढच्या एकाच दारातून आत-बाहेर करायची.

आता औषधांचं सांगते. मानमोडीच्या तापाच्या साथीत माणसं पटापट मरत होती तेव्हा लोक सरकारी दवाखान्याच्या औषधाला साथीपेक्षा जास्त भ्यायचे. बाटलीत विष घालून देतात, अशी बोलवा होती. खोल्यांतली माणसं तापाने फणफणत पडायची आणि तोंड घट्ट मिटून घ्यायची. तेव्हा दादांनी रांगेसमोर उभं राहून शब्द दिला की, डॉक्टर चिठ्ठीवर जे लिहील ते घरमालक म्हणून मी आणून देईन, आणि तुमच्या तोंडात जायच्या आधी माझ्या घरचं माणूस तुमच्यासमोर ते चाखेल. साथ गेली, पुढे दादाही गेले. शब्द मात्र तसाच राहिला, आणि तो कुणी मागे घ्यायचं धाडस केलं नाही. आणायचं काम अब्बांकडे आलं आणि चाखायचं फुफीकडे.

रोज सकाळी एखादा तरी भाडेकरू दवाखान्याची चिठ्ठी आणि धुतलेली रिकामी बाटली घेऊन आमच्या दाराशी यायचा. अब्बा दुकानात जाताना चिठ्ठी कंपाउंडरच्या खिडकीत सारायचे आणि दुपारी जेवायला येताना भरलेली बाटली घेऊन यायचे. मग फुफी दाराच्या आत पाटावर बसायची, रोगी बाहेर उकिडवा, आणि मी चमचा घेऊन मध्ये. फुफी बिस्मिल्ला म्हणून चमचाभर औषध घोळवून घोळवून प्यायची, डोळे मिटून क्षणभर थांबायची आणि मग निकाल द्यायची. गुलाबी औषध तिला आवडायचं. तापाचं कडू औषध प्यायल्यावर ती अख्खी दुपार कुणाशी नीट बोलायची नाही. एरंडेलाच्या दिवशी अम्मा स्वयंपाक कमीच करायची. एकदा कुणासाठी तरी जुलाबाची पूड आली होती, आणि ती पूड बघून रोग्याचा चेहरा फारच पडलेला दिसला, म्हणून त्याला धीर यावा अशा चांगल्या मनाने फुफीने चिमटीऐवजी अर्धी पुडी खाल्ली. त्या दिवशी माझ्या हातातला चमचा राहिला बाजूला, परसाकडे पाण्याचे तांबे वाहून माझे हात भरून आले, आणि हसू आवरेना म्हणून अम्माने मला दोनदा कोठीघरात कोंडलं.

आता माझ्या उशाशी गोळ्यांचे तीन डबे असतात. नातू चंदेरी पाकिटं फोडून गोळ्या मोजून देतो. परवा त्याला म्हटलं, आधी तू चाख. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मीच गप बसून गिळली.

चार नंबरच्या खोलीत हिलाल आणि त्याची बायको कासाबाई राहायची. हिलाल हे नाव आमच्या खानदेशात हिंदूंतही ठेवतात. तो कापसाच्या जिनात कामाला. पहाटे जिनाचा भोंगा झाला की निघायचा आणि संध्याकाळी सुरतेची गाडी गेल्यावर भुवयांपर्यंत कापूस लेऊन परतायचा. कासाबाई म्हसावदकडच्या एका खेड्यातली. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. मला तेव्हा तेरावं सरून चौदावं लागलं होतं. मराठी शाळेतून चौथीनंतर काढून मला घरात बसवलेलं, अंगणाच्या फाटकाबाहेर पाऊल टाकायचं नाही, असा दंडक. त्यामुळे दुपारी कासाबाई मागच्या फाटकाने अंगणात आली की माझ्या जिवात जीव यायचा. ती ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे पापड, करायला बसली की मी पीठ हाटायला बसायची, अम्मा आंबट डाळीचा दालचा करायची तेव्हा ती वाटीभर मागून घ्यायची आणि बदल्यात ठेचा द्यायची. आम्ही दोघी कशावरही हसायचो. कोंबडी घसरली तरी हसायचो. फक्त तिचं हसणं पुरं व्हायचं नाही; मध्येच खोकल्याची उबळ यायची, गळ्याच्या शिरा टरारून यायच्या आणि ओठ निळसर पडायचे. मग मी तिची पाठ चोळत बसायची.

तिचा दम कशाने कोंडतो ते आंधळ्यालाही दिसलं असतं. खोलीला एकच दार, दाराशी चूल, आणि धूर बाहेर जायच्या आधी खोलीभर फिरून कासाबाईला भेटून जायचा. वर हिलालच्या कपड्यांतला कापूस. उन्हाळ्यात ती दारात येऊन बसायची तर रस्त्याची धूळ. तिची सासू गावाहून निरोपावर निरोप धाडायची की सुनेला मोकळ्या हवेला पाठवून दे. वरून बघता किती मायेचं बोलणं. पण कासाबाईने मला आतलं सांगितलं होतं. लग्नाला चार वर्षं होऊन कूस उजवली नव्हती, आणि सासूने गावात एक मुलगी बघून ठेवली होती. सून हवेला आली की तिला तिथेच ठेवून घ्यायची आणि हिलालच्या पदरात दुसरी बांधायची, असा बेत होता. हिलालला यातलं काही माहीत नव्हतं. आईने बोलावलंय म्हणजे बरंच असेल असं समजणाऱ्यांतला तो. कासाबाई हे सांगताना रडली नाही. "गयी ते मी गयी, बानू," एवढंच म्हणाली. तिचं ते बोलणं ऐकून मला जेवण गेलं नाही, हे मला अजून आठवतं.

त्या साली दवाखान्यात नवे डॉक्टर आले होते. तरुण, घाटावरचे, नाकावर चष्मा, आणि रोग्याला प्रश्न विचारून वर त्याचं उत्तरही ऐकून घेणारे. दोन नंबरच्या खोलीतली मथुराबाई तर त्यांच्यावर खूशच झाली. तिचे गुडघे एरवी महिन्यातून एकदा दुखायचे ते आठवड्यातून दोनदा दुखायला लागले. अशाच एका फेरीला ती कासाबाईला बरोबर घेऊन गेली. परतताना कासाबाईच्या मुठीत चिठ्ठी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी रीतीप्रमाणे चिठ्ठी आणि धुतलेली बाटली आमच्या दाराशी आली. चिठ्ठी इंग्रजीत. अब्बांना गुजराती हिशेब यायचे, उर्दू यायची, मोडी ओळखू यायची. इंग्रजी अक्षर त्यांना मुंग्यांच्या रांगेसारखं दिसायचं. त्यांनी चिठ्ठी खिशात घातली, बाटली घेतली आणि निघाले.

दुपारी ते आले तेव्हा बाटली रिकामी होती आणि अब्बांचा चेहरा असा काही झाला होता की अम्माने आधी पाणी पुढे केलं. पाणी पिऊन ते जे सांगायला लागले ते आम्ही पुढे कित्येक वर्षं त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा सांगून घेतलं. कंपाउंडरने म्हणे चिठ्ठी वाचली, उलटी करून पाहिली, मग बाटली उजेडात धरून तिच्या तोंडात बोट घालून बघितलं. शेवटी म्हणाला, "शेठ, हे औषध या बाटलीत मावणार नाही. हे गवंड्याकडे मिळेल." मागे उभे असलेले लोक हसायला लागले. अब्बांनी खडसावून विचारलं तेव्हा त्याने चिठ्ठी मोठ्याने वाचून दाखवली: एक मोठी खिडकी, पूर्वेच्या भिंतीला, रोज, दिवसभर.

पूर्वेची भिंत म्हणजे मागची. आमच्या अंगणाची. एवढं अब्बांच्या तोंडून बाहेर पडलं आणि मला हसू फुटलं. तोंडात ओढणी कोंबली तरी थांबेना. माझ्यामागोमाग अम्माला फुटलं; ती पाठ फिरवून डाळ ढवळत होती, पण तिचे खांदे हलत होते. फुफी मात्र हसली नाही. "दवा बोतल में आती, दीवार में नहीं," असं म्हणून तिने विषय कायमचा मिटवला.

पण अब्बांना तो मिटवता येईना. त्यांच्या वडिलांचा शब्द होता की डॉक्टर लिहील ते घरमालक आणून देईल. दादांनी त्यात बाटली म्हटलं नव्हतं, पुडी म्हटलं नव्हतं. जे लिहील ते, असं म्हटलं होतं. एकीकडे बापाचा शब्द आणि दुसरीकडे घराचा पडदा, आणि दोन्ही बांधून ठेवणारा बापच. दोन-तीन दिवस अब्बा अंगणात येरझारा घालत त्या भिंतीकडे बघायचे. कधी म्हणायचे, अगदी वर, छताला लागून भोक पाडू. मग आठवायचं की चिठ्ठीवर मोठी लिहिलंय. कधी म्हणायचे, कासाबाईला दुसऱ्या खोलीत हलवू. पण सगळ्याच खोल्या आंधळ्या. एकदा तर त्यांनी फुफीला हळूच विचारलं की, आपल्या बायकांनीच अंगणाऐवजी धाब्यावर वावरलं तर. त्यावर फुफीने त्यांच्याकडे जे पाहिलं ते पाहून अब्बा न जेवता दुकानात गेले.

इकडे गावाहून सासूचा निरोप आला की येत्या बाजाराच्या दिवशी गाडी घेऊन येते, सुनेचं गाठोडं बांधून ठेवा. कासाबाई मला ते सांगायला आली तेव्हा आम्ही दोघी हसलो नाही. बाजाराला पाच दिवस होते. मी त्या दिवशी पहिल्यांदा फुफीचा मनापासून राग केला. आणि रागात असताना तोंडाला येईल ते बोलायची माझी खोड होती, अजूनही आहे, सुना साक्ष देतील.

दुपारी फुफी मथुराबाईच्या गुडघ्याचं औषध चाखून तोंड पुसत होती. चिठ्ठीचा विषय अब्बांनी पुन्हा काढला होता आणि फुफी सांगत होती की ही दवा नव्हेच, हा त्या चष्मेवाल्या पोराचा चावटपणा आहे. या रांगेतली एकूण एक दवा मी चाखली आहे, दवा काय असते ते मला कुणी शिकवू नये. तेव्हा मी चमचा खाली ठेवला आणि म्हणाले, "फुफी, तुम दवा तो सब की चखतीं. कभी बीमारी चखी?"

अम्माच्या हातातलं लाटणं थांबलं. मला वाटलं, आता माझी धडगत नाही. फुफीने मला आपादमस्तक न्याहाळलं, उठली, बुरखा चढवला आणि फाटकातून बाहेर पडली. चार नंबरच्या दाराशी तिचा आवाज आला. ती कासाबाईला सांगत होती की तू रोजच्यासारखा स्वयंपाक कर, मी बसते, आणि दार लोटून घे.

चैताचे दिवस होते. ऊन असं की अंगणातल्या कोंबड्या भिंतीच्या बोटभर सावलीत एका रांगेत उभ्या. मी आणि अम्मा त्या आंधळ्या भिंतीला कान लावून बसलो. आधी फुफीचं बोलणं ऐकू आलं. ती कासाबाईला चूल कशी पेटवावी ते शिकवत होती. मग भाकरी थापल्याचा आवाज. मग फुफी दुवा पुटपुटत असल्याचा. मग ती एकदा खोकली. अम्माने माझा हात दाबला. मग दोघी मिळून खोकायला लागल्या, एक बारीक आवाजात आणि एक घोगऱ्या, आणि आम्ही इकडे पोट धरून जमिनीवर लोळत होतो. हे मी लाजून सांगते आहे. पण खरं तेच सांगते आहे.

त्यानंतर काही वेळ काहीच ऐकू आलं नाही. अम्मा घाबरून उठली. तेवढ्यात भिंतीवर आतून धप्प असा आवाज झाला. पुन्हा धप्प. मातीचे पोपडे सुटून आमच्या अंगणात पडायला लागले, कोंबड्या रांग मोडून पळाल्या, आणि चौथ्या-पाचव्या घावाला जमिनीपासून हातभर उंचीवर भिंतीतून एक मुसळ बाहेर आलं. ते आत गेलं, पुन्हा बाहेर आलं. मग भोकातून धुराचा लोट निघाला, आणि धुरामागून फुफीचा लालबुंद चेहरा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, बुरख्याचा पत्ता नव्हता, केसांवर माती. तिने भोकाला तोंड लावून आमच्या अंगणातली हवा तीन-चारदा ओढून घेतली आणि मग अम्माला उद्देशून म्हणाली, "गवंडी को बुलाव. इस लडकी को हमने चार बरस चूल्हे में रख्या था."

फुफीने भोक पाडलं तिथेच खिडकी बसली. गवंडी म्हणाला की एवढ्या खाली खिडकी कुणी बसवत नाही, वर घेऊ. पण फुफीने पाडलेली जागा बदलायची कुणाची छाती नव्हती. त्यामुळे ती खिडकी गुडघ्याएवढ्या उंचीवर, एका बाजूला जरा कललेली, आणि चांगली ऐसपैस झाली. मोठी असं चिठ्ठीवर होतंच. दोन दिवसांत चौकट आणि फळ्या लागल्या. कासाबाई आत जमिनीवर बसली की तिचा चेहरा बरोब्बर खिडकीत यायचा. चुलीचा धूर पुढच्या दाराने निघून जायचा आणि मागून वारा यायचा. पहिल्या दिवशी ती खिडकीत नुसती बसून राहिली. मी समोर अंगणात मांडी घालून बसले.

मग मी तिला म्हटलं की डॉक्टरला हे सुचलं कसं, देवमाणूसच म्हणायचा. कासाबाईने इकडेतिकडे पाहिलं, खिडकीतून मान पुढे काढली आणि हळूच म्हणाली, "मीच सांगं डाकतरले. आमना मालक चिठ्ठीवर जे ऱ्हास ते आनी देस, तुमी खिडकी लिखी द्या."

मान खाली घालून, पदर नाकापर्यंत ओढून दवाखान्यात गेलेली ही बाई. आमच्या तोंडावर तिला खिडकी मागता आली नसती, जीव गेला असता तरी मागितली नसती. पण दादांचा शब्द तिने नीट तपासून पाहिला होता आणि त्यातून बाहेर पडायचा रस्ता तिला आमच्याआधी दिसला होता. त्या दिवशी मला तिचा एवढा अभिमान वाटला की मी उठून अंगणात दोन गिरक्या घेतल्या आणि अम्माच्या वाळत घातलेल्या बिबड्यांवर पाय दिला. हे गुपित मी अब्बा आणि फुफी असेपर्यंत कुणाला सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहिते आहे.

पडद्याचा प्रश्न राहिला होता. तोडगा असा निघाला की हिलाल कामावरून आला की दाराशीच मोठ्याने खोकेल, म्हणजे कासाबाई खिडकी लावून घेईल. पहिल्याच संध्याकाळी या तोडग्याची शोभा झाली. कासाबाई खोकली की आम्ही सगळ्या बायका पदर सावरत घरात धावायचो, आणि हिलाल खोकला की कासाबाईच आहे असं समजून बसून राहायचो. फुफीने दुसऱ्या दिवशी खोकल्यावर बंदी घातली आणि हिलालने गात यावं असा हुकूम काढला. हिलालला गाणं एकच येत होतं आणि तेही आपल्याला येतं असं फक्त त्यालाच वाटायचं. तेव्हापासून रोज संध्याकाळी अख्खी गल्ली त्याचं गाणं ऐकायची, आणि तो खोलीत शिरेपर्यंत खिडकी नेमाने लागलेली असायची.

आणि खिडकीची बातमी रांगेत पसरली. मथुराबाई दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात गेली आणि गुडघ्यांसाठी खिडकी लिहून मागायला लागली. पाच नंबरच्या टांगेवाल्याला पाठदुखीवर नवं छप्पर हवं होतं. कुणी म्हशीचं दूध लिहा म्हणालं, आणि दूध कशाला, सरळ म्हैसच लिहा, अशी सूचनाही कुणी केली म्हणतात. अब्बा टोपी हातात घेऊन डॉक्टरांकडे गेले आणि म्हणाले की साहेब, बाटलीत मावेल तेवढंच लिहीत चला. डॉक्टर चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले आणि कबूल झाले. अब्बा घरी येऊन हे सांगताना स्वतःच एवढे हसले की त्यांना ठसका लागला, आणि फुफीने त्यांना पाणी देता देता विचारलं की तुझ्यासाठीही एक भोक पाडू का.

बाजाराचा दिवस उजाडला आणि उन्हं कलायला सासू आली. गाडीत गवत, त्यावर गोधडी, उशाला पाण्याचा डेरा. सुनेला निजवून न्यायची जय्यत तयारी. हिलाल जिनात. कासाबाईने पुढचं दार आतून लावून घेतलं आणि दाराला धान्याची कोठी रेटून ठेवली. सासूने दार वाजवलं, हाका मारल्या, आणि शेवटी मथुराबाईने दाखवलेल्या वाटेने ती मागच्या फाटकातून आमच्या अंगणात आली. उंच, काटक, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि डोळ्यांत पाणी. ते पाणी खोटं होतं असं मी आज म्हणणार नाही. तिला नातवंड हवं होतं, आणि ते मिळवायची तिला माहीत असलेली वाट ती चालत होती. त्या दिवशी मात्र मला ती राक्षसीणच वाटली.

खिडकी उघडी होती. कासाबाई आत बसलेली. सासू बाहेर उकिडवी बसली आणि गोड बोलायला लागली. गावाला शेत आहे, झाड आहे, वारा आहे, बाजरीची भाकर आहे. चार महिने राहा, बरी हो, मग हिलाल नेईलच तुला. फुफी पाटावर बसून सुपारी कातरत होती. ती मध्ये पडली नाही. भाडेकरूच्या घरच्या भांडणात मालकाने पडू नये, असा तिचा नियम होता. पण सुपारी कातरून संपली तरी अडकित्ता वाजतच होता.

कासाबाईने सगळं ऐकून घेतलं. खोकली नाही. मग चौकटीवर हात ठेवून म्हणाली, "माय, मन्हं औषध भितमा शे. ते गाडामा कसं येई?"

सासूने आधी भिंतीकडे पाहिलं, मग बाहेर गाडी उभी होती त्या दिशेला. कासाबाई शांतपणे पुढे सांगायला लागली की हे डॉक्टरने लिहून दिलंय, रोज, दिवसभर. एक दिवस चुकवलं तर गुण जातो. आणि हेही सांगितलं की तुम्ही कुणासाठी जागा करताय ते मला ठाऊक आहे, आणि आज संध्याकाळी ते हिलाललाही ठाऊक होईल. एवढं ती एका दमात बोलली. मी मोजत होते, मध्ये एकदाही श्वास अडला नाही.

सासूने खिडकीत हात घातला. आतला वारा चाचपून बघावा तसा. मग उठली, पदराने डोळे पुसले, आणि फुफीला म्हणाली की खिडकी वाकडी बसली आहे. फुफी म्हणाली, वाकडी आहे, पण मी पाडली आहे. अम्माने केलेला चहा तिने उभ्यानेच घेतला आणि फाटकातून गेली. थोड्या वेळाने गाडीच्या चाकांचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन थांबला, मग पुढे गेला.

त्यानंतर कासाबाई दार उघडायला गेली तर धान्याची कोठी हलेना. रेटताना भीतीने बळ आलं होतं, ते आता सरलं होतं. ती परत आली आणि खिडकीतून मला म्हणाली, "बानू, हात दे." मी ओढलं, अम्माने ओढलं, आणि ती रांगत, हसत, केसांना माती लागलेली, आमच्या अंगणात येऊन पडली. फुफीने अडकित्ता बाजूला ठेवला आणि म्हणाली, "डॉक्टर ने हवा अंदर भेजने को लिख्या था. तू बाहर आ गई." मग मात्र फुफीही हसली. चौघी जणी भिंतीला टेकून हसत होतो तोच गल्लीतून हिलालचं गाणं ऐकू यायला लागलं, आणि खिडकी लावायला आत कुणीच नव्हतं.

अब्बा गेले, फुफी गेली, खोल्यांचे भाडेकरू बदलले. हिलालने दुसरी केली नाही. कासाबाई त्याच खोलीत म्हातारी झाली.